टाकाकिया आणि संत्रं : धोक्यात नेमकं कोण?

प्रकरण

तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरच्याही वर, गावालोंग हिमनदीच्या परिसरात टाकाकिया नावाचं मॉस, म्हणजे फुलं-बिया नसलेली शेवाळासारखी बारीक वनस्पती, वाढतं. या वंशाच्या जगात फक्त दोन जाती आहेत. हिमालय, जपान, बोर्निओतला किनाबालू पर्वत, कॅनडाचा पश्चिम किनारा, अलास्का आणि अल्यूशियन बेटं अशा एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या मोजक्या जागी त्या सापडतात. वनस्पतिशास्त्राचं आयुष्यभर काम करणाऱ्यांनीही टाकाकिया बहुधा फक्त चित्रात पाहिलेलं असतं.

तुलनेसाठी दुसरी वनस्पती मी मुद्दाम अगदी रोजची घेतली आहे, नागपुरी संत्रं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यातल्या बागा आणि हंगामात कळमना बाजारात लागणारे ढीग पाहिलेल्या माणसाला संत्र्याची काळजी करा असं सांगितलं तर तो आश्चर्याने बघेल.

यांतलं धोक्यात कोण, असा प्रश्न टाकला तर बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता मॉसकडे बोट दाखवतील. ते चूक नाही, पण अपुरं आहे. एखादी वनस्पती किती ठिकाणी आणि किती संख्येने दिसते यावरून तिचा धोका कळत नाही, असं माझं मत आहे. परिस्थिती पालटली तर तिच्याकडे बाहेर पडायच्या किती वाटा शिल्लक आहेत, हे पाहावं लागतं. ही दोन झाडं शेजारी ठेवली की ते फार स्पष्ट दिसतं.

मॉसची ओळख पटायला लागलेली शंभर वर्षं

टाकाकियाचा नमुना सर्वप्रथम आला तो आपल्याच देशातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर सिक्कीमच्या वरच्या भागात वनस्पती गोळा करत फिरत होता. त्याच्या संग्रहातल्या एका बारीक हिरव्या नमुन्याचं वर्णन विल्यम मिटनने 1861 साली केलं आणि त्याला लिव्हरवर्टच्या, म्हणजे मॉससारख्याच पण वेगळ्या गटातल्या बारीक वनस्पतींच्या, एका वंशात टाकलं. पुढे जवळजवळ शतकभर तो नमुना संग्रहालयात तसाच पडून राहिला.

1951 साली नोरिवो ताकाकी यांना जपानच्या उंच डोंगरांत अशीच एक वनस्पती मिळाली. 1958 मध्ये हात्तोरी आणि इनौए यांनी तिचं वर्णन केलं आणि शोधणाऱ्याच्या नावावरून तिला टाकाकिया म्हटलं. 1963 मध्ये लक्षात आलं की सिक्कीमचा जुना नमुनाही याच वंशातला आहे. मात्र ही वनस्पती मॉस आहे की लिव्हरवर्ट, हा वाद संपला नव्हता. बीजाणू तयार करणारा भाग पाहिल्याशिवाय तो मिटणार नव्हता, आणि तोवर हाती आली होती ती फक्त मादी झाडं. 1990 च्या दशकात अल्यूशियन बेटांवर नर झाडं आणि बीजाणूंच्या कुप्या सापडल्या. एकाच तिरक्या, पिळदार चिरेने उकलणारी ती कुपी पाहून हे मॉसच आहे यावर शिक्कामोर्तब झालं.

भिंगाखाली टाकाकिया पाहिलं तर इतकी वर्षं घोटाळा का झाला ते समजतं. झाड जेमतेम सेंटिमीटरभर उंच. मॉसचं पान म्हणजे पातळ, पसरट पात, अशी आपली सवयीची कल्पना. टाकाकियाला तसं पानच नाही. बारीक, गोलसर, बोटांसारखे दोन ते चार अवयव तळापासूनच सुटे निघतात आणि देठाभोवती कसेही उगवल्यासारखे दिसतात. खाली मूलरोम, म्हणजे मुळांसारखे धरून ठेवणारे तंतूही नाहीत. त्या जागी पर्णहीन, पांढुरके फाटे जमिनीत उतरतात आणि त्यांच्यावरच्या सूक्ष्म केसांतून चिकट द्रव पाझरतो. गुणसूत्रं फक्त चार किंवा पाच.

39 कोटी वर्षं आणि एक दशक

या मॉसवर सर्वांत मोठं काम झालं ते बीजिंगच्या कॅपिटल नॉर्मल विद्यापीठातले यीकुन हे आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातले राल्फ रेस्की यांच्या नेतृत्वाखाली. 2005 साली तिबेटमध्ये टाकाकियाचा माग लागला. 2010 ते 2021 या काळात या चमूने 18 मोहिमा केल्या. ऑगस्ट 2023 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात टाकाकियाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, प्रसिद्ध झाला. त्यात 27,467 जनुकं मोजली गेली.

जनुकांची संख्या ऐकून टाकाकियाबद्दल काहीच ठरवता येत नाही. गोड संत्र्याच्या, म्हणजे आपली मोसंबी ज्या जातीत येते तिच्या, 2013 सालच्या जीनोममध्ये 29,445 जनुकं सांगितली गेली होती. सेंटिमीटरभर मॉस आणि पंधरा-वीस फुटांचं फळझाड यांच्यात एवढाच फरक! वेगळेपण आहे ते जनुकांच्या वागण्यात.

टाकाकियाची शाखा सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. इनर मंगोलियात मिळालेल्या साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही आजच्यासारखीच ठेवण दिसते. म्हणजे बाह्यरूप जवळपास गोठलेलं. जनुकं मात्र अजिबात गोठलेली नाहीत. जलद उत्क्रांत होणाऱ्या जनुकांची संख्या टाकाकियात इतकी जास्त निघाली की अभ्यासकांनी तोवर तपासलेल्या वनस्पतींत ती सर्वाधिक ठरली. तुटलेला डीएनए सांधणं, अतिनील किरणांनी झालेली इजा भरून काढणं, थंडी सोसणं या कामांशी त्यांतली बरीच जनुकं निगडित आहेत.

याला कारण हिमालय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिबेटचं पठार उचललं जाऊ लागलं तेव्हा टाकाकिया तिथे आधीपासून होतं. जमीन त्याच्यासकट वर गेली. हवा विरळ झाली, ऊन तिखट झालं, बर्फ वाढला. आज ते वर्षातले आठ महिने जाड बर्फाखाली असतं आणि उरलेले चार महिने अतिनील किरणांच्या माऱ्यात. झाडाला कुठूनही फांदी फुटू शकते, त्यामुळे बर्फाच्या वादळात वरचा भाग मोडला तरी मॉसची दाट गादी शाबूत राहते. मला हा भाग विलक्षण वाटतो. रूप न बदलता आतून इतकं बदलत राहिलेलं दुसरं झाड पटकन आठवत नाही.

त्याच अहवालातली पुढची माहिती मात्र वाईट आहे. अभ्यासाच्या दशकभरात त्या जागेचं सरासरी तापमान वर्षाला जवळजवळ अर्ध्या अंशाने चढत गेलं. हिमनदी वर्षाला सुमारे 50 मीटर मागे सरकली. टाकाकियाची संख्या वर्षाला सुमारे 1.6 टक्क्यांनी घटली. 1.6 टक्के हा आकडा दिसायला लहान आहे, पण तोच वेग राहिला तर साधारण 43 वर्षांत निम्मं मॉस उरेल. शतकाच्या अखेरीस त्याला योग्य अशी जागा जगभरात मिळून हजार ते दीड हजार चौरस किलोमीटर शिल्लक राहील, असा या चमूचा अंदाज आहे.

त्याच डोंगरात इतर काही वनस्पतींना मात्र ऊब मानवली, त्या वाढल्या. यातून एक गोष्ट निघते. टाकाकिया दुबळं म्हणून मागे पडत नाही. जिथे दुसरं कोणी टिकत नव्हतं अशी जागा त्याने कमावली होती, आणि आता तीच जागा इतरांना राहण्याजोगी होऊ लागली आहे. ‘जलद उत्क्रांती’ हा शब्दही इथे नीट समजून घ्यायला हवा. ती जलद आहे ती लाखो-कोटी वर्षांच्या मापाने. दशकात चार-पाच अंशांचा बदल झाला, तर जगातलं सर्वांत जलद जनुकही त्याला पुरं पडत नाही. वर सरकायचं म्हटलं तर डोंगराला माथा असतो.

संत्र्याचा प्रवास

आता संत्र्याकडे येऊ. आश्चर्य असं की हे झाडही हिमालयाचंच देणं आहे. लिंबूवर्गीय जातींच्या जीनोमचा मोठा अभ्यास 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यानुसार या कुळाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या टापूत आहे. सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी हवामान कोरडं झालं, मान्सून मंदावला आणि त्या काळात या झाडांच्या जाती झपाट्याने फुटून पसरल्या. उचलल्या गेलेल्या जमिनीने टाकाकियाला वर अडकवलं, हवामानबदलाने संत्र्याच्या पूर्वजांना पायथ्यापासून आशियाभर पाठवलं.

पुढचं काम माणसाने केलं. विदर्भात संत्रं आणण्याचं श्रेय परंपरेने नागपूरकर रघूजीराजे भोसले यांना दिलं जातं, अठराव्या शतकाच्या अखेरीस. काळी कसदार जमीन, हिवाळ्यातली थंडी, विहिरींचं पाणी यांमुळे झाड इथे असं रमलं की गाव आणि फळ यांची नावं एकमेकांना चिकटली. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

संत्र्याच्या बागेचं सगळं गणित पन्हेरीपासून, म्हणजे रोपवाटिकेपासून सुरू होतं. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट यासाठी नावाजलेलं आहे. जंबेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबूवर्गीय झाडांचं बी टाकून खुंटाचं, म्हणजे कलमाला मुळं पुरवणारं, रोप वाढवायचं, खोड पेन्सिलीएवढं झालं की सालीला इंग्रजी ‘टी’ आकाराची चीर द्यायची, निवडलेल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सालीच्या चकतीसकट काढून आत सरकवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचं. सराईत हाताला याला मिनिटही लागत नाही. डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटतात. वर येतं ते झाड मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असतं. गोडी तीच, साल तशीच सैल, काढणीचा काळ तोच. शेतकऱ्याला हेच हवं असतं आणि त्यात काही गैर नाही. पाच-सहा वर्षं वाट पाहून आंबट फळ हाती येणं कोणाला परवडेल?

पण मग बियांपासून वाढवलेलं झाड तरी वेगळं निघतं का? बहुतेक वेळा नाही. घरी सहज पाहता येईल. संत्र्याचं बी घेऊन वरचं कवच नखाने सोलावं, आत पिस्त्यासारखा हिरवा गर्भ दिसतो, आणि तो बहुधा एकटा नसतो. ओल्या फडक्यात बी ठेवलं तर एकाच बियातून दोन-तीन कोंब निघतात. त्यांतले बहुतेक परागकण आणि बीजांड यांच्या मिलनातून झालेलेच नसतात. आईच्याच ऊतीतून परस्पर गर्भ तयार होतो. लिंबूवर्गीयांत हा गुण एका जनुकाच्या आधी येऊन बसलेल्या डीएनएच्या लहानशा तुकड्यामुळे आला, असं 2017 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवून दिलं. कलम करा नाहीतर बी लावा, संत्रं आपलीच नक्कल काढत राहतं.

इथे दोन्ही झाडं एका जागी येतात. टाकाकियाही मुख्यतः मोडलेल्या फाट्यांपासून, सुट्या झालेल्या तुकड्यांपासूनच पसरतं. नर-मादी भेट ही त्याच्यात इतकी विरळ घटना आहे की ती शोधायला शास्त्रज्ञांना थेट अल्यूशियन बेटं गाठावी लागली. फरक एवढाच की टाकाकियाचे तुकडे कोट्यवधी वर्षं बर्फ आणि ऊन यांच्या चाळणीतून गेले. संत्र्याचा डोळा जातो तो माणसाच्या पसंतीतून. गोडी पाहिली जाते, रंग पाहिला जातो, रोग सोसण्याची ताकद क्वचितच.

लाखो झाडं, एकच झाड

नागपुरी संत्र्याची बाग संकटात सापडते तेव्हा काय होतं, हे विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात पाणी साचलेल्या बागेत बुंध्यातून डिंक गळू लागतो, साल कुजते, पानं पिवळी पडतात. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा हा डिंक्या रोग. जंबेरीच्या खुंटाला तो लवकर धरतो, रंगपूर लाईम त्यामानाने तग धरतो. म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेलाच हवा आणि एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे बोर्डो मलम बुंध्याला वेळेवर लागलं पाहिजे. काढणीनंतर सल (वाळलेल्या फांद्या) काढणं, पाणसोट (जोमाने वाढणारे पण फळ न देणारे फुटवे) छाटणं, अंबिया किंवा मृग बहारासाठी, म्हणजे ठरावीक हंगामात फुलं यावीत म्हणून, पाण्याचा ताण देणं, हे सगळं त्यात येतं. 2019 च्या उन्हाळ्यात विहिरी आणि बोअर आटल्या तेव्हा वरुड, मोर्शी, काटोल भागात उभ्या बागा वाळून गेल्या.

हे त्रास मोठे आहेत, पण त्यांना काही ना काही उत्तर आहे. मला भीती वाटते ती ग्रीनिंग या रोगाची. या रोगाचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि सिट्रस सायला नावाची बारीकशी कीड त्याला झाडाझाडांत नेते. पानावर पिवळे डाग येतात, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसलेले. फळ लहान राहतं, एका अंगाने हिरवं, चवीला कडवट. शेंडेमर सुरू होते. झाड बरं करण्याचा उपाय नाही.

2005 साली, तिबेटमध्ये टाकाकियाचा माग लागला त्याच वर्षी, हा रोग अमेरिकेत फ्लोरिडात सापडला. फ्लोरिडात 2003-04 च्या हंगामात गोड संत्र्याच्या 24 कोटी 20 लाख पेट्या निघाल्या होत्या. 2023-24 मध्ये 2 कोटीही निघाल्या नाहीत. वीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घट! वादळं होती, जमिनीच्या किमती होत्या, हे खरं. पण मुळाशी रोग होता, आणि रोगापुढे उभी होती ती एकच वंशावळ. जगातली सगळी गोड संत्री कधीकाळी झालेल्या एकाच संकरित झाडाची, कलमांनी वाढवलेली संतती मानली जातात. एकाला रोग सोसला नाही म्हणजे कोणालाच सोसला नाही.

टाकाकियाची वर्षाला 1.6 टक्के घट आणि फ्लोरिडाच्या संत्र्याची घट शेजारी ठेवून पाहा. संत्र्याची घसरण कित्येक पटींनी वेगवान आहे. एक जात नष्ट होणं आणि एक धंदा बसणं या गोष्टी सारख्या नाहीत, हे मान्य. फ्लोरिडा बुडालं तरी जगातून संत्रं जाणार नाही, गावालोंगचं टाकाकिया गेलं तर तो साठा परत येणार नाही. तरीही ‘सर्रास आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हे गृहीत धरणं किती धोक्याचं आहे ते फ्लोरिडाने दाखवलं. ग्रीनिंग आणि सायला दोन्ही भारतात आहेत, विदर्भातही आहेत.

संत्र्याकडे असलेली वाट

टाकाकियापेक्षा संत्र्याचं नशीब एका बाबतीत बलवत्तर आहे. त्याचे जंगली भाऊबंद अजून शिल्लक आहेत. मेघालयातल्या गारो टेकड्यांत, नोकरेकच्या परिसरात, सिट्रस इंडिका हे रानसंत्रं उगवतं. गारो लोक त्याला मेमांग नारंग म्हणतात आणि त्याचा संबंध मृतांच्या आत्म्यांशी जोडतात. तिथे लिंबूवर्गीयांसाठी खास जीन अभयारण्य राखलेलं आहे. ज्याला आपण अगदी मामुली फळझाड समजतो त्याच्या घरात असा दुर्मीळ नातेवाईक बसलेला आहे. रोग सोसणारे खुंट आणि नव्या जाती हव्या असतील तर त्या अशाच जंगली आणि अर्धजंगली झाडांतून शोधाव्या लागतील. नोकरेकच्या जंगलाकडे विदर्भाच्या शेतकऱ्याने आपलं म्हणून पाहायला हवं.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत दुसरं एक मोलाचं काम चालतं. फांदीच्या टोकाचा मिलिमीटरपेक्षाही लहान भाग सूक्ष्मदर्शकाखाली काढून तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या खुंटावर बसवतात. त्या कोवळ्या टोकापर्यंत विषाणू-जिवाणू सहसा पोचलेले नसतात, त्यामुळे निरोगी मातृवृक्ष तयार होतो. पन्हेरीवाल्यांनी डोळे अशाच झाडांचे घेतले तर रोगाचा निम्मा प्रवास तिथेच थांबेल. रस्त्याकडेला उघड्यावर, मातीच्या वाफ्यात वाढवलेली स्वस्त कलमं घेण्याचा मोह शेतकऱ्याने टाळावा असं मला कळकळीने वाटतं, कारण चुकीचं कलम पाच वर्षांनी कळतं आणि तोवर पैसा, पाणी, जमीन सगळं गेलेलं असतं.

निरोगी नक्कल ही मात्र शेवटी नक्कलच. तिने रोगाचा शिरकाव लांबतो, झाडाची सोसण्याची ताकद वाढत नाही. म्हणून माझ्या मते विदर्भातल्या जुन्या, बियांपासून उभ्या राहिलेल्या झाडांची नोंद तातडीने व्हायला हवी. बियातून निघणाऱ्या कोंबांत एखादा खरा, मिलनातून झालेला कोंब असतो. असं एखादं झाड कुणाच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, शेजारची बाग वाळली तरी हिरवं राहिलेलं असू शकतं. बहुधा फळ जरा आंबट म्हणून ते उद्या तोडलं जाईल. तोडण्याआधी कृषी सहायकाला किंवा संस्थेला ते दाखवावं आणि निदान चार डोळे दुसरीकडे बांधून ठेवावेत.

टाकाकियासाठी असली सोय नाही. त्याला पर्यायी भाऊबंद नाहीत. तिबेटच्या चमूने प्रयोगशाळेत वाढवलेली काही झाडं तिथल्याच दुसऱ्या जागी नेऊन लावली. पाच वर्षांच्या निरीक्षणात त्यांतली काही तगली, वाढलीही. एवढाच आधार सध्या आहे, आणि तो लहान असला तरी खरा आहे. भारताच्या बाजूने करण्यासारखं काम उघड आहे. हूकरने नमुना उचलला त्या सिक्कीममध्ये, उत्तरेकडच्या लाचेनच्या वरच्या भागात, टाकाकियाच्या गाद्यांची ठिकाणं ठरवून दर काही वर्षांनी मोजणी व्हावी, शेजारी तापमान नोंदवणारं यंत्र बसवावं आणि थोडे तुकडे प्रयोगशाळेत जिवंत ठेवावेत. खर्चाच्या मानाने हे काम फार मोठं नाही. त्याच सिक्कीमच्या खालच्या उतारांवर संत्र्याच्या बागाही आहेत, त्यामुळे एकच चमू एकाच फेरीत दोन्ही झाडांची पाहणी करू शकेल.